अलास्काचे दहा दिवस: यादी निम्मी करा, दिवस मोकळे ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक काका आणि काकू, दोघेही साठीच्या पुढचे, ऑगस्टमध्ये सिएटलला मुलाकडे येणार आहेत. मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात यांच्यासह ऑगस्टच्या शेवटी दहा रात्री अलास्काला जायचे आहे. यादीत डेनाली शिखर, हिमनद्या, नदीत मासे पकडणारी अस्वले, उत्तरेचा प्रकाश म्हणजे ऑरोरा, क्रूझ, जुनो आणि अगदी उत्तर टोकाचे उटकियाग्विक इतके सगळे आहे. काकूंचे गुडघे दुखतात, घर शाकाहारी आहे, आणि दोन-तीन शहरांत एकेक रात्र पुरेल का, असेही विचारले आहे. मी अँकरेजला राहते आणि उन्हाळाभर पाहुण्यांना घेऊन याच रस्त्यांवर गाडी चालवते, म्हणून सविस्तर लिहिते.

काका, आधी यादी निम्मी करा. अलास्काचे क्षेत्रफळ १७ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाचपट. वस्ती मात्र साडेसात लाखांच्या आत, आणि त्यातले चाळीस टक्के लोक एकट्या अँकरेजमध्ये राहतात. उरलेल्या प्रदेशाच्या बऱ्याच भागाला रस्ताच नाही. जुनो ही राज्याची राजधानी, पण तिथे जायचे तर विमानाने किंवा बोटीने. उटकियाग्विकलाही विमानाशिवाय वाट नाही. नकाशावर दोन बोटांच्या अंतरावर दिसणाऱ्या गावांमध्ये पूर्ण दिवस आणि माणशी काहीशे डॉलर सहज जातात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे इथे वेळापत्रक हवामान ठरवते. ढग खाली आले की छोटी विमाने उडत नाहीत, समुद्र खवळला की बोटी अर्ध्यातून वळतात किंवा निघतच नाहीत. डेनाली तर आपल्या भोवतीचे हवामान स्वतःच तयार करते. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात येणाऱ्या साधारण तीनांपैकी एकालाच ते शिखर दिसते. रोज एक ठिकाण असा कार्यक्रम आखलेल्या कुटुंबाचा एक दिवस पावसात गेला की पुढचे सगळे कोलमडते, आणि चिडचिड होते ती एकमेकांवर. ज्यांच्याकडे मोकळे दिवस असतात त्यांना हाच पाऊस फारसा अडवत नाही. इथली शहरे कामाला येतात ती याचसाठी. अँकरेज आणि फेअरबँक्स ही नुसती मुक्कामाची ठिकाणे नाहीत. आकाश उघडायची वाट पाहायची ती इथे, आणि वाट पाहता पाहता या प्रदेशात माणसे कशी जगतात तेही इथेच समजते.

आता काय सोडायचे ते सांगते. क्रूझ सोडा. सिएटलहून निघणारी जहाजे अलास्काच्या आग्नेय पट्ट्यात जातात: केचिकन, जुनो, स्कॅगवे. तो भाग सुंदर आहे, दाट पावसाळी जंगल आणि थेट समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्यांचा, पण ती वेगळी सहल आहे. त्या जहाजातून डेनाली दिसत नाही. शिवाय ही जहाजे वाटेत कॅनडाच्या बंदराला लागतात आणि भारतीय पासपोर्टवर त्यासाठी कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. अमेरिकेचा व्हिसा तिथे चालत नाही. विमानाने अँकरेजला आलात तर हा प्रश्नच येत नाही, तो देशांतर्गत प्रवास आहे. जुनो क्रूझबरोबरच गेले. उटकियाग्विकही सोडा, तिथला न मावळणारा सूर्य ऑगस्टच्या सुरुवातीलाच संपतो, आणि नुसते टोक गाठायला एवढा खर्च करू नये.

अस्वलांबद्दल मन घट्ट करून सांगते. धबधब्यावर उभे राहून उडता सॅमन मासा तोंडात धरणारी अस्वले ज्या जागेची आहेत ती कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातली ब्रुक्स फॉल्स. तिथे गर्दी होते जुलैत आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये. ऑगस्टमध्ये बरीचशी अस्वले दुसऱ्या ओढ्यांकडे पांगलेली असतात. छोट्या विमानाने एका दिवसात जाऊन यायला माणशी हजार डॉलरच्या घरात खर्च येतो, आणि ढग असले तर तो दिवसही जातो. पाच जणांनी चुकीच्या महिन्यात एवढे पैसे घालू नयेत. डेनाली उद्यानाच्या बसमधून टुंड्रावर, म्हणजे झाडे नसलेल्या थंड माळावर, बेरी खात फिरणारी ग्रिझली अस्वले ऑगस्टअखेर दिसण्याची शक्यता चांगली असते. नातीला जवळून पाहायचेच असेल तर अँकरेजहून दक्षिणेला स्यूअर्ड या बंदराच्या वाटेवर पोर्टेजजवळ अलास्का वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे. अनाथ झालेली किंवा जखमी अस्वले, मूस नावाची मोठी हरणे, रेनडियर तिथे मोठ्या कुंपणांत सांभाळतात. इथेच वाढवलेले रानगवे २०१५ मध्ये पुन्हा जंगलात सोडले गेले. तिथे मुलांचे दोन तास छान जातात.

उरले डेनाली, हिमनद्या, ऑरोरा आणि दोन शहरे. दहा रात्रींना एवढे भरपूर झाले. प्रवास दक्षिणेकडून उत्तरेकडे करा: अँकरेजला उतरा आणि फेअरबँक्सहून सिएटलला परत उडा. दोन्हीकडून थेट विमाने आहेत. कारण सांगते. ऑगस्टअखेर फेअरबँक्सचा दिवस रोज सहा-सात मिनिटांनी लहान होतो. म्हणजे तिथे दहा दिवस उशिरा पोहोचलात तर ऑरोरासाठी तासभर जास्त अंधार मिळतो. डेनालीचा टुंड्राही ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत लाल-केशरी होतो. आणि दक्षिण किनाऱ्यावर पावसाचा जोर ऑगस्ट-सप्टेंबरात वाढत जातो, तेव्हा समुद्राचे काम आधी उरकलेले बरे. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडण्याचे जादा भाडे पडेल, ते द्या.

पहिली रात्र अँकरेज. सिएटलहून साडेतीन तासांचे विमान आणि घड्याळ एक तास मागे, त्यामुळे सकाळी निघालात तर दुपार हातात असते. त्या दुपारी फक्त किराणा आणि शिप क्रीक. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या या ओढ्यात ऑगस्टमध्ये सिल्व्हर सॅमन समुद्रातून वर चढतात आणि लोक ऑफिस सुटल्यावर गमबूट घालून गळ टाकून उभे असतात. नातीला हे पाहायला कुठलेच तिकीट लागत नाही.

दुसऱ्या दिवशी स्यूअर्ड, २०४ किलोमीटर. अडीच तासांचा रस्ता आहे, पण त्याला सबंध दिवस द्या, कारण टर्नअगेन आर्म या खाडीच्या काठाने जाणारा हा रस्ता अलास्कातल्या सर्वांत देखण्या रस्त्यांपैकी आहे. बेलुगा पॉइंटला थांबा. भरतीच्या वेळी पांढऱ्या बेलुगा देवमाशांच्या पाठी दिसू शकतात. एक गोष्ट मात्र नातीला आणि मोठ्यांनाही बजावून ठेवा: ओहोटीला उघडा पडणारा राखाडी चिखल कोरडा वाटला तरी त्यावर पाऊल टाकायचे नाही. हिमनदीने दळलेली ती बारीक माती आहे, त्यात पाय रुतला की सुटत नाही आणि भरती वेगाने येते. या खाडीत भरती-ओहोटीत तीस फुटांचा फरक पडतो. गाडीचे दिवे दिवसाही चालू ठेवा. तुमच्यामागे पाच गाड्या साठल्या तर बाजूला थांबून त्यांना पुढे जाऊ देणे हा इथला कायदा आहे.

स्यूअर्डला दोन रात्री, आणि बोट पहिल्याच पूर्ण दिवशी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, ठेवा. रद्द झाली तर चौथा दिवस शिल्लक असतो. कीनाय फ्योर्ड्स या हिमनद्यांनी कोरलेल्या खाड्यांची सहा तासांची सफर हिमनदीच्या तोंडापर्यंत जाते. इमारतीएवढा बर्फ तुटून पाण्यात पडतो तेव्हा आवाज नंतर येतो, आधी नुसता बर्फ सरकताना दिसतो. वाटेत समुद्री ऊदमांजरे, सील, पफिन पक्षी, नशीब असेल तर हंपबॅक देवमासे. पण खाडीबाहेर खुला समुद्र लागतो आणि बोट चांगलीच हलते. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो. काकूंना हे झेपणार नाही असे वाटत असेल तर स्यूअर्ड सोडून व्हिटियरहून प्रिन्स विल्यम साउंडची सफर घ्या. ते पाणी बेटांच्या आडोशाला असल्यामुळे शांत असते. व्हिटियरला जाण्याचा चार किलोमीटरचा बोगदा एकपदरी आहे. त्यातून आळीपाळीने एकदा इकडच्या, एकदा तिकडच्या गाड्या सोडतात आणि आगगाडीही त्यातूनच जाते, म्हणून सुटण्याची वेळ पाहून निघा.

चौथ्या दिवशी सकाळी एक्झिट ग्लेशियर. पहिली पायवाट सपाट आहे, चाकाची खुर्चीही जाते, तेव्हा काकूंनी न चुकता यावे. रस्त्याच्या आणि वाटेच्या कडेला वर्षांच्या पाट्या लावल्या आहेत: त्या साली हिमनदी इथपर्यंत होती. १९१७ ची पाटी मागे पडते, १९५१ ची येते, आणि बर्फ अजून दूरच असतो. हवामान बदलावर मी पाहुण्यांशी वेगळे काही बोलत नाही. या पाट्या वाचत चालले की लोक आपोआप गप्प होतात. नातीला त्या मोठ्याने वाचायला सांगा. पाऊस असेल तर गावातले सीलाइफ सेंटर पाहा. १९८९ च्या एक्सॉन व्हॅल्डीझ तेलगळतीनंतर मिळालेल्या भरपाईच्या पैशांतून मुख्यतः ते उभे राहिले. आजारी सागरी प्राण्यांवर तिथे उपचार होतात.

संध्याकाळी अँकरेजला परत, आणि पाचव्या दिवसाची सकाळ शहरासाठी. अलास्का नेटिव्ह हेरिटेज सेंटर चुकवू नका. तळ्याभोवती इथल्या वेगवेगळ्या मूळ समाजांची पारंपरिक घरे बांधली आहेत, आणि त्याच समाजांची तरुण मुले-मुली माहिती सांगतात, नाचतात, खेळ करून दाखवतात. उंच टांगलेल्या चेंडूला उडी मारून पायाने स्पर्श करण्याचा खेळ पाहाल. हे मी आग्रहाने सांगते, कारण अलास्का म्हणजे निर्मनुष्य बर्फ अशी समजूत घेऊन आलेला माणूस इथून ती सोडून जातो. अँकरेज ज्या जमिनीवर आहे ती देनाइना या मूळ समाजाची आहे. आजचे शहर १९१५ च्या सुमारास रेल्वेच्या तंबूंतून उभे राहिले. वेळ उरला तर अर्थक्वेक पार्क: २७ मार्च १९६४ रोजी ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा इथला एक अख्खा रहिवासी भाग समुद्राकडे घसरला. तिथली जमीन अजून उंचसखल आहे, फक्त आता तिच्यावर झाडे वाढली आहेत.

दुपारी टॅल्कीटना, सव्वादोन तास. या लहान गावातून डेनालीभोवती फिरवणारी विमाने उडतात, काही हिमनदीवर उतरतातही. माझ्या मते संपूर्ण सहलीत जास्तीचा पैसा कशावर खर्च करायचा असेल तर यावर. ढगांच्या वर गेल्यावर, खालून तीन दिवस न दिसलेले ६,१९० मीटरचे शिखर एकदम समोर उभे असते. संध्याकाळचे बुकिंग घ्या, म्हणजे रद्द झाले तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा संधी मिळते. हवामानामुळे उड्डाण झाले नाही तर पैसे परत मिळतात ना, एवढे आधी विचारून घ्या. नकाशावर माउंट मॅकिन्ली असे नाव दिसले तर गोंधळू नका. २०२५ मध्ये केंद्र सरकारने शिखराचे नाव बदलले. उद्यानाचे नाव डेनालीच आहे आणि इथले लोक शिखरालाही तेच म्हणतात.

डेनाली उद्यानाशी दोन रात्री. उद्यानात १४८ किलोमीटरचा एकच रस्ता आहे आणि खासगी गाडी पहिल्या २४ किलोमीटरपर्यंतच जाते, पुढे बस. ऑगस्ट २०२१ पासून प्रिटी रॉक्स इथल्या भूस्खलनामुळे बस ४३व्या मैलापर्यंतच जात आली आहे. त्या जागी पुलाचे काम हाती घेतले आहे, म्हणून तिकीट काढताना बस कुठवर जाते ते उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहा. ४३ मैलांपर्यंतही प्रवास उत्तम होतो. साधी ट्रान्झिट बस घ्या. कुठेही उतरता येते आणि मागून येणाऱ्या बसमध्ये जागा असेल तर चढता येते. बसमध्ये खायला काही मिळत नाही. दिवसभराचे पाणी आणि डबा घरून न्या, आणि खाल्ल्यावर एक कणही मागे ठेवू नका, कारण माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल शेवटी मारावे लागते. अस्वलापासून ३०० यार्ड, म्हणजे पावणेतीनशे मीटर लांब राहायचा नियम आहे. मूस शांत दिसतो, पण पिल्लाजवळ गेलेल्या माणसाला लाथांनी तुडवतो. नातीचा हात सोडू नका. संध्याकाळ मोकळी असली तर उद्यानाच्या कुत्र्यांचे प्रात्यक्षिक पाहा, ते मोफत असते. हिवाळ्यात याच कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून रेंजर गस्त घालतात.

लेह-लडाखला गेलेले लोक मला विरळ हवेबद्दल विचारतात. ती काळजी इथे नको. शिखर प्रचंड असले तरी रस्ता खालून जातो, उद्यानातल्या बसच्या रस्त्याचा सगळ्यात उंच भागही साधारण १,२०० मीटरवर आहे.

शेवटच्या तीन रात्री फेअरबँक्स. एका रात्रीत ऑरोराची अपेक्षा करू नका, तीन तरी हव्यात. हे शहर ऑरोराच्या पट्ट्याखालीच येते, त्यामुळे सौर वादळ मोठे असायची गरज नसते. खरा शत्रू ढग. म्हणून सौर हालचालींचे आकडे बघत बसण्यापेक्षा ढगांचा अंदाज पाहा. अलास्का विद्यापीठाची भूभौतिकी संस्था रोजचा ऑरोरा अंदाज देते, तोही उपयोगी आहे. रात्री अकरा ते पहाटे तीन ही वेळ. शहराच्या दिव्यांपासून दूर, उत्तरेचे आकाश उघडे असेल असे राहायचे ठिकाण घ्या, म्हणजे एकाने जागे राहायचे आणि बाकीच्यांना उठवायचे. नातीला दुपारी झोपवा. प्रकाश मंद असेल तर डोळ्यांना पांढुरक्या ढगासारखा दिसतो आणि हिरवा रंग आधी मोबाइलच्या रात्रीच्या छायाचित्रात उमटतो. मग कधीकधी तो पट्टा अचानक हलायला लागतो, आणि तेव्हा कोणाला फोन काढायचे भान राहत नाही.

फेअरबँक्सचे दिवस मुद्दाम रिकामे ठेवा, कारण रात्री जागरण होईल. विद्यापीठाचे म्युझियम ऑफ द नॉर्थ तेवढे पाहाच. हिमयुगातल्या, बर्फात गोठून टिकलेल्या गव्याचे शरीर तिथे आहे, अंगावर सिंहाच्या पंजांच्या खुणांसह. फॉक्स गावाजवळ ट्रान्स-अलास्का तेलवाहिनी रस्त्यालगत पाहता येते. १,२८७ किलोमीटरची ही वाहिनी १९७७ पासून चालू आहे. निम्म्याहून अधिक लांबी खांबांवर उचललेली आहे, कारण गरम तेलाने खालची कायमची गोठलेली जमीन वितळली असती. शहरातल्या गाड्यांच्या तोंडाशी लोंबणारी विजेची वायर पाहून नात विचारेल. उणे ४० अंशांत इंजिन गोठू नये म्हणून ती रात्री प्लगला जोडतात.

शाकाहाराची चिंता तुम्हाला वाटते तेवढी नाही. अँकरेज आणि फेअरबँक्समध्ये मोठी किराणा दुकाने आहेत, भाजी-दूध-तांदूळ सगळे मिळते, आणि फेअरबँक्समध्ये थाई खानावळी अनपेक्षितपणे खूप आहेत. मासळीचा सॉस घालू नका असे मात्र स्पष्ट सांगा. स्यूअर्ड आणि डेनालीला पर्याय कमी. म्हणून स्वयंपाकघर असलेली घरे घ्या आणि सिएटलहून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, छोटा कुकर बॅगेत टाका. कपड्यांत पावसाचे चांगले जॅकेट सगळ्यात महत्त्वाचे. सह्याद्रीत पावसाळी ट्रेकला जे वापरता तेच चालेल. आत लोकरी थर, टोपी, हातमोजे. दिवसा पंधरा-सतरा अंश असले तरी डेनालीत ऑगस्टअखेर हिमवर्षाव होऊ शकतो. सुती कपडा भिजला की वाळत नाही.

गाडीचे दोन नियम. डेनाली हायवे, मॅकार्थी रोड, डाल्टन हायवे या खडीच्या रस्त्यांवर बहुतेक भाड्याच्या गाड्या न्यायला मनाई असते, आणि तिथे बिघाड झाला तर विमा उपयोगी पडत नाही. आणि टाकी निम्मी झाली की भरा. मधे फोनला रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्या. नातीसाठी बूस्टर सीट कायद्याने लागते, ती सिएटलहूनच आणा. काकूंची औषधे हातातल्या पिशवीत ठेवा आणि प्रवास विम्यात आधीचे आजार धरले आहेत का ते वाचा.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: आधी डेनालीजवळची राहण्याची जागा, कारण ती सर्वांत आधी संपते, मग भाड्याची गाडी, मग विमानाची तिकिटे, त्यानंतर डेनालीची बस आणि स्यूअर्डची बोट. टॅल्कीटनाचे उड्डाण काही आठवडे आधी घेतले तरी चालते. जागा मेअखेरपर्यंत मिळाली नाही तर डेनालीपासून अठरा-वीस किलोमीटर उत्तरेला हीली गावात पाहा, तिथे अनेकदा शिल्लक असते आणि भाडेही कमी असते.